हार्मोनच्या तपासण्या लिहून देण्यापूर्वी

प्रिय डॉक्टर मुली,

अनेक आशीर्वाद. पाळी जाण्याच्या वयातील स्त्री हार्मोन उपचारांसाठी आली, तर आधी कोणत्या हार्मोनच्या तपासण्या सांगायच्या, असे तू विचारले आहेस. बहुतेक वेळा एकही नाही, असे माझे उत्तर आहे.

पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रीची पाळी मागेपुढे होत असेल, अंगातून वाफा निघत असतील, रात्री घामाने झोप मोडत असेल, तर तिच्या सांगण्यातच निदान झालेले असते. या काळात बीजकोश एकदम थांबत नाहीत. एखाद्या महिन्यात जोमाने काम करतात, पुढच्या महिन्यात थंडावतात, आणि त्यांच्याबरोबर एफएसएच (बीजकोश थंडावले की वाढणारे हार्मोन) व इस्ट्रॅडिऑल (बीजकोशांत तयार होणारे मुख्य इस्ट्रोजेन) यांचे आकडे इतके वरखाली होतात की एका दिवसाच्या रक्तावरून काहीच ठरवता येत नाही.

हे मी एका रुग्णाला त्रास देऊन शिकले, याचे दुःख अजून आहे. सत्तेचाळीस वर्षांची ती शिक्षिका माझ्यासमोर पदराने वारा घेत होती, तिच्या गळ्यापासून कानांपर्यंत चढलेली लाली मला दिसत होती, आणि तरीही एफएसएच ९ पाहून मी ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असे सांगितले. तिने कागदाची चौघडी करून पर्समध्ये ठेवली आणि ती न बोलता गेली. परत आली ती आठ महिन्यांनी. तोवर झोपेअभावी तिने दहावीचा वर्ग सोडला होता.

चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल, तर मात्र एफएसएच अवश्य कर. तो २५ च्या वर असेल आणि शंका उरत असेल, तर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा बघ. कारण अशा मुलीला साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यावे लागतात, आणि ते टाळले तर हाडे व हृदय यांचे नुकसान होते. चाळीस ते पंचेचाळीस या वयातही ही तपासणी उपयोगी पडते. आपल्याकडे लहान वयात गर्भपिशवी काढलेल्या अनेक स्त्रिया येतात. बीजकोश ठेवले आहेत की काढले, हे जुन्या कागदांतून शोध, कारण त्यांना पाळीची खूण उरलेली नसते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एफएसएच दबलेला असतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्याही आकडा फसवतात, आणि बायका त्यांना औषध समजत नाहीत, म्हणून नाव घेऊन विचार.

लाळेतून हार्मोन मोजण्याच्या तपासण्यांवर पैसे घालवू देऊ नकोस. तोच खर्च टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, साखर आणि मॅमोग्राफी यांवर होऊ दे. थायरॉइड वाढला तरी धडधड आणि घाम होतोच. रक्तदाब स्वतः मोज. स्तनाचा कर्करोग किंवा पायात रक्ताची गुठळी पूर्वी झाली होती का, अकारण रक्तस्राव होतो का, हे विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहू नकोस. गर्भपिशवी असेल, तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हवेच, नाहीतर आतील अस्तर वाढत जाते.

उपचार सुरू झाल्यावरही मात्रा आकड्यावरून ठरत नाही. पुरेशी जेल किंवा पॅच वापरूनही आराम नसेल, तेव्हा औषध त्वचेतून शोषले जाते का हे पाहण्यापुरते इस्ट्रॅडिऑल कर. एरवी तिला एक छोटी वही दे, त्यात रोजच्या वाफा आणि मोडलेली झोप लिहू दे, आणि तीन महिन्यांनी ती वही तिच्याजवळ बसून वाच.

तुझी,
मॅडम