आरपीमध्ये प्रकाशपेशींचे रोपण करून नजर परत येते का? भारतात कुठे होते, खर्च किती?

तुमच्या भावाला आरपी (रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या उजेड टिपणाऱ्या प्रकाशपेशी हळूहळू मरण्याचा आनुवंशिक आजार) आहे आणि कोणीतरी 'स्टेम सेलचं' म्हणजे दुसऱ्या पेशींत बदलू शकणाऱ्या पेशींचं 'इंजेक्शन' सुचवलंय म्हणता. खर्चाचा आकडा मी सांगणार नाही. पैसे मागितले की तिथून उठायचं, हाच माझा आकडा.

आमच्या दादाला आरपी. ताटातली चटणी दिसायची, पण ताटाशेजारचा तांब्या हमखास लवंडायचा. धाकट्या काकांनी एक क्लिनिक शोधून काढलं. पोटाची चरबी काढणार, तिच्यातल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी सोडणार. मी विचारलं, चरबीतल्या पेशीची प्रकाशपेशी होते कशी? तिथला माणूस म्हणाला, "ताई, पेशीला आपोआप कळतं." काका मान डोलवत होते! शेत गहाण टाकायची तयारी होती. मी आडवी आले, तर आजही प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतात, "हिच्यामुळे पोराचे डोळे गेले."

तर काका, ऐका. अमेरिकेत फ्लोरिडात तीन बायकांच्या दोन्ही डोळ्यांत अशाच चरबीतल्या पेशी सोडल्या, 5,000 डॉलर घेऊन. त्यांचा आजार वेगळा, वयामुळे पडदा झिजण्याचा, पण उपचार हाच. होती ती नजरही गेली, एकीला तर उजेडसुद्धा कळेना. 2017 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलंय.

खरं संशोधन निराळं आहे. 2006 मध्ये लंडनच्या रॉबिन अली यांच्या गटाने उंदराच्या पिल्लांच्या घडत्या रॉड पेशी (मंद उजेडात दिसण्यासाठीच्या प्रकाशपेशी) दुसऱ्या उंदरांच्या पडद्यात सोडल्या आणि त्या रुजल्या असं दिसलं. 2016 मध्ये उलगडा झाला की बऱ्याच ठिकाणी पेशी रुजल्याच नव्हत्या, खुणेचं चमकतं प्रथिन तेवढं त्या उंदरांच्या स्वतःच्या पेशींत गेलं होतं. पेशी नुसती जगून भागत नाही, पुढच्या पेशीशी तिची जोडणी व्हावी लागते. 2020 मध्ये जपानच्या कोबे इथे आयपीएस पेशींपासून (साध्या पेशींना प्रयोगशाळेत स्टेम सेलसारखं केलेल्या पेशी) वाढवलेला पडद्याचा तुकडा आरपीच्या रुग्णाला बसवला. अशा दोन रुग्णांत दोन वर्षं तुकडा टिकला, घात झाला नाही. वाचता येईल अशी नजर आलेली नाही.

भारतात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल फक्त संशोधनाच्या चाचणीत (क्लिनिकल ट्रायल), आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. क्लिनिकवाल्याकडे सीटीआरआयचा, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा.

हां, जनुक तपासणी मात्र करून घ्या. आरपीई65 या जनुकाचा दोष निघाला तर लक्झटर्ना हा जनुकोपचार आहे, अमेरिकेत 2017 पासून मंजूर. पण तो जिवंत उरलेल्या पेशींवरच चालतो. आणि आरपीत मोतीबिंदू लवकर येतो, पडद्याला सूज येते, त्यावर इलाज आहे. दादाचा मोतीबिंदू काढला तेव्हा समोरच्याचा चेहरा पुन्हा दिसायला लागला. त्या ऑपरेशनला काका आले नव्हते.