गाडी स्वतः ब्रेक मारते, मग मी काय करू?

या वेळी पत्रांचा ढीग एकाच विषयावर आलाय, एडास. म्हणजे गाडीत कॅमेरा आणि रडार बसवून ती स्वतःच ब्रेक मारते, लेन धरते, बीप बीप करते तो सगळा प्रकार. पाच पत्रं निवडलीत, थोडी कापून छापतोय, राग मानू नका.

प्रश्न : दादा, नवीन गाडी घेतोय. शोरूमवाला म्हणतो एडासवालं मॉडेल घ्या, अपघाताचं टेन्शनच संपलं. बाबा म्हणतात ३५ वर्षं गाडी चालवली, एक ओरखडा नाही, ही सगळी विकायची नाटकं आहेत. दोघांत खरं कोण बोलतंय?

उत्तर : दोघंही अर्धं अर्धं. बाबांचं आधी घेतो. ते गाडी चांगली चालवतात हे मान्य, पण सिग्नलला उभ्या असलेल्या बाबांना मागून येऊन ठोकणारा कोणी दुसराच असतो ना, आणि त्या दुसऱ्याच्या गाडीत ऑटो ब्रेक असेल तर फायदा बाबांचाच आहे. स्वतः किती सरळ चालवतो यावर हा हिशोब संपत नाही.

आता शोरूमवाला. त्याची गोम अशी आहे की तो एडास ही एकच वस्तू असल्यासारखं बोलतो. ती एक वस्तू नाहीच, ते गाठोडं आहे, आणि त्यात दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी एकत्र बांधल्यात. एक जात गप्प बसणारी, तुम्ही वर्षभर गाडी चालवाल आणि ती आहे हे विसरूनही जाल, पण ज्या सेकंदाला तुमचं लक्ष उडालं त्या सेकंदाला ती हात घालते. इमर्जन्सी ब्रेक, रिव्हर्सला मागे कोणी आलं तर थांबवणारा ब्रेक, ब्लाइंड स्पॉटचा (आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात गाडी आली की लागणारा) दिवा, हे सगळे त्या जातीचे. दुसरी जात म्हणजे तुमचं काम सतत स्वतःकडे घेणारी, पुढच्या गाडीशी अंतर राखत वेग कमीजास्त करायचा (याला क्रूझ म्हणतात), लेनच्या मधोमध स्टिअरिंग धरून ठेवायचं, आणि तुम्ही नुसतं बघत बसायचं.

पहिल्या जातीचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेत आयआयएचएस म्हणून विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी संस्था आहे, ती एकाच मॉडेलच्या फीचर असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांचे खरे अपघात शेजारी ठेवून मोजते. त्यांच्या आकड्यांत, धोक्याची सूचना अधिक ऑटो ब्रेक असलेल्या गाड्यांनी पुढच्या गाडीला मागून ठोकायचं प्रमाण सुमारे ५० टक्के कमी निघालं. नुसती सूचना, ब्रेक नाही, तर २७ टक्के. रिव्हर्सचा ऑटो ब्रेक, जोडीला मागचा कॅमेरा आणि पार्किंग सेन्सर असले तर, मागे घेतानाचे अपघात ७८ टक्क्यांनी कमी करतो, ब्लाइंड स्पॉटवाला लेन बदलतानाचे १४ टक्क्यांनी. बघा, बीप करणारं आणि प्रत्यक्ष ब्रेक दाबणारं यात केवढा फरक आहे, कारण बीप ऐकून पाय हलवायचं काम शेवटी आपल्यालाच करायचं असतं.

दुसऱ्या जातीचा असा पुरावा नाही. २०२४ मध्ये त्याच संस्थेने निस्सान आणि बीएमडब्ल्यूच्या अशा सिस्टीम तपासल्या, तर त्यांनी आणखी अपघात टाळले असं काही पक्कं हाती लागलं नाही. म्हणजे ती आरामाची सोय आहे, एसीसारखी. घ्यायची तर जरूर घ्या, फक्त सुरक्षेच्या नावाखाली घेऊ नका. आणि शोरूममध्ये एकच विचारा, ऑटो ब्रेक माणूस आणि सायकल ओळखतो का, आणि रात्री ओळखतो का. तो माणूस गडबडला की तुम्हाला कळेलच.

प्रश्न : माझ्या गाडीने मोकळ्या रस्त्यावर, समोर काही नसताना, पुलाच्या सावलीत कचकन ब्रेक मारला. मागची गाडी थोडक्यात वाचली. शिवाय लेनचं बीप डोकं उठवतं. मी सगळं बंद करून टाकलंय. बरोबर केलं ना?

उत्तर : सगळं बंद केलंत हे चूक, चिडलात हे बरोबर.

त्या उगाच ब्रेकचं कारण सांगतो. गाडीला 'समोर वस्तू आहे' असं थेट दिसत नसतं, कॅमेऱ्याच्या चित्रावरून आणि रडारच्या परतीच्या लहरींवरून ती अंदाज बांधते. सावली, वर लोंबणारा बोर्ड, वळणावर बाजूला उभा ट्रक, यातलं काहीही अडथळा वाटू शकतं. आता तुम्ही म्हणाल मग कंपनीने ते नीट का नाही करत, तर गंमत अशी की हे दोन्ही बाजूंनी कापणारं आहे. सिस्टीम जास्त घाबरट ठेवली तर उगाच ब्रेक मारणार, कमी घाबरट ठेवली तर खरा धोका सुटणार. रडारला पुलाचा खांब आणि रस्त्यात बंद पडलेला ट्रक दोन्ही नुसती 'न हलणारी वस्तू' दिसतात, म्हणून बऱ्याच जुन्या क्रूझ सिस्टीम न हलणाऱ्या वस्तूंकडे काणाडोळाच करायच्या. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलंही असतं, पण मॅन्युअल वाचतो कोण, मी स्वतः माझ्या गाडीचं दोन वर्षांनी उघडलं आणि तेही टायरची हवा बघायला.

बीपचं तर लांडगा आला रे आला आहे. दहा वेळा उगाच वाजलं की अकराव्या वेळी कान बंद होतात, किंवा माणूस बटणच दाबतो. होंडाच्या गाड्यांवर २०१६ मध्ये केलेल्या पाहणीत लेन सोडल्याची सूचना जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या गाड्यांत चालू सापडली, टक्कर होण्याची सूचना मात्र जवळजवळ सगळ्यांनी चालू ठेवलेली. लोक मूर्ख नसतात, जे छळतं ते बंद करतात.

तर तुम्ही असं करा. इमर्जन्सी ब्रेक परत चालू करा, त्याची सेन्सिटिव्हिटी सेटिंगमध्ये एक पायरी कमी करता येत असेल तर करा. लेनचं, जिथे पट्टे पुसलेत किंवा रस्त्याचं काम चालू आहे तिथे खुशाल बंद, हायवेवर लांब पल्ल्याला चालू, कारण डुलकी लागून गाडी रस्त्याबाहेर जाण्याचे अपघात तिथेच होतात. आणि तो उगाच ब्रेक त्याच जागी पुन्हा मारला तर सर्व्हिस सेंटरला लेखी द्या, तोंडी सांगून 'सॉफ्टवेअर अपडेट येईल' एवढंच ऐकायला मिळतं.

प्रश्न : माझ्या गाडीत क्रूझ आणि लेन दोन्ही आहे. लांबच्या प्रवासात मी फक्त हात टेकवून बसतो, गाडी चालवते. उतरल्यावर अजिबात थकवा नसतो. मित्र म्हणतो हे धोक्याचं आहे. थकलेला ड्रायव्हर धोकादायक की ताजातवाना?

उत्तर : प्रश्न चलाख आहे. पण थकवा नाही याचा अर्थ लक्ष आहे असा होत नाही, बऱ्याचदा लक्ष नाही म्हणूनच थकवा नसतो!

हे जुनं दुखणं आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्याकडे बघत बसणारे लोक काही वेळाने पाणबुड्यांच्या खुणा चुकवायला लागायचे. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्यावर प्रयोग केला, घड्याळासारख्या तबकडीवर काटा टिक टिक पुढे सरकतो आणि मधूनच एकदम दोन घरं उडी मारतो, ती उडी पकडायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसं चुकायला लागली. हे १९४८ चं. म्हणजे क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट बघत नुसतं बसून राहणं हे काम माणसाला जमतच नाही, आणि अर्धवट ऑटोमॅटिक गाडी तुम्हाला नेमकं तेच काम देते. गाडी चालवणं सोपं आहे हो, न चालवता चालवायच्या तयारीत बसणं अवघड.

मार्च २०१८ मध्ये याची दोन उदाहरणं काही दिवसांच्या अंतराने घडली. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला एक टेस्ला ऑटोपायलटवर, म्हणजे तिच्या क्रूझ आणि लेनवाल्या सिस्टीमवर, चालली होती, रस्ता फुटतो तिथल्या पट्ट्यांनी ती चकली, दोन रस्त्यांमधल्या मोकळ्या त्रिकोणात शिरली आणि थांबायच्या ऐवजी वेग वाढवत दुभाजकावर आपटली. ड्रायव्हर गेला. चौकशीत निघालं की शेवटचे सहा सेकंद स्टिअरिंगवर हात नव्हते आणि फोनवर गेम चालू होता. त्याआधी पाच दिवस, अ‍ॅरिझोनात टेम्पी शहरात, उबरची चाचणी गाडी रात्री रस्ता ओलांडणाऱ्या, हातात सायकल धरलेल्या बाईवर गेली. ही मात्र तुमच्यासारखी गाडी नव्हती, पूर्ण स्वयंचलित करायच्या प्रयोगातली होती, तरी सांगतो कारण त्यात सगळंच आहे. सेन्सरने तिला ५.६ सेकंद आधी पाहिलं होतं. पण ही गाडी आहे, की सायकल, की आणखी काही, हे ठरवण्यात सिस्टीम घोळ घालत बसली. गाडी व्होल्व्होची, तिचा कंपनीचा स्वतःचा इमर्जन्सी ब्रेक होता, पण उबरची सिस्टीम चालू असताना तो बंद ठेवलेला. आणि लक्ष ठेवायला बसवलेली व्यक्ती फोनवर कार्यक्रम बघत होती. म्हणजे गप्प बसणारा राखणदार बंद केला आणि सगळा भरवसा काम अंगावर घेणाऱ्यावर ठेवला. वर पहिल्या उत्तरात दोन जाती सांगितल्या ना, त्या यासाठी.

कंपन्यांना हे कळत नाही असं नाही, स्टिअरिंगवर हात आहेत का, डोळे रस्त्यावर आहेत का हे तपासायची सोय त्या देतात. पण २०२४ मध्ये आयआयएचएसने अशा १४ सिस्टीम याच निकषावर तपासल्या तर ११ नापास झाल्या, आणि बऱ्यापैकी म्हणावी अशी एकच निघाली, लेक्ससची. तुमच्या गाडीत डोळ्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा नसेल आणि नुसतं स्टिअरिंग हलवलं की ती खूश होत असेल, तर मित्राचं ऐका. वापरायचंच असेल तर नुसतं क्रूझ लावा, स्टिअरिंग स्वतः धरा. हात कामात असले की डोळेही रस्त्यावर राहतात.

प्रश्न : ९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात असं सगळीकडे वाचतो. मग माणूसच काढून टाकला तर ९४ टक्के अपघात संपतील, साधं गणित आहे. तुमचा विरोध का?

उत्तर : विरोध नाही, गणिताला आक्षेप आहे. तो आकडा एनएचटीएसए या अमेरिकन सरकारच्या रस्ता सुरक्षेच्या संस्थेचा, आणि त्याचा अर्थ एवढाच की घटनांच्या साखळीत शेवटची कडी ड्रायव्हर होता. त्याच्या मागे वाईट वळण, अंधार, दिसेनासे झालेले पट्टे काहीही असू शकतं, शेवटी ब्रेक ड्रायव्हरनेच उशिरा मारला म्हणून नाव त्याचं. आयआयएचएसने २०२० मध्ये पाच हजारांवर अपघात उलगडून बघितले, तर न दिसणं आणि झोप, नशा, आजार असली कारणं मिळून साधारण एक तृतीयांश निघाली, म्हणजे यंत्राचे नुसते तीक्ष्ण आणि जागे डोळे एवढेच अपघात नक्की टाळणार. बाकीच्यात मोठा वाटा घाईचा, वेगाचा, चुकीच्या अंदाजाचा. यंत्राला तुम्ही 'लवकर पोचव' म्हणून तसंच जोरात पळवायला शिकवलं तर काय उपयोग.

आणि माणूस सोय मिळाली की ती सुरक्षेऐवजी वेगात खर्च करतो. १९८० च्या दशकात म्युनिकमध्ये टॅक्सींचा प्रयोग झाला, निम्म्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय), निम्म्यांना नाही, आणि अपघात जवळपास सारखेच! एबीएसवाले जास्त बिनधास्त चालवायला लागले होते. पण लगेच 'बघा, सगळं फुकट' असं म्हणू नका, कारण त्याच एबीएसच्या पायावर उभं राहिलेलं ईएससी, गाडी घसरायला लागली की एकेका चाकाचा ब्रेक वेगळा दाबणारं, त्याने एकट्या गाडीचे जीवघेणे अपघात होण्याचा धोका जवळपास निम्मा केला. ते काम करतं तेव्हा तुम्हाला कळतही नाही, त्यामुळे त्याच्या जोरावर कोणी शायनिंग मारत नाही. माझ्या मते तिथेच त्याचं यश आहे.

प्रश्न : पुढची काच तडकली म्हणून बाहेरून बदलून घेतली. तेव्हापासून गाडी लेनमध्ये किंचित डावीकडे ओढते. मेकॅनिक म्हणतो अलाइनमेंट. अलाइनमेंट दोनदा केलं, फरक नाही. आणि एक, ऑटो ब्रेक आहे तर रात्री पायी चालणारे सुरक्षित ना? आमच्या घरातले रोज रात्री चालायला जातात.

उत्तर : आधी काच. लेन असिस्ट बंद करून सरळ रस्त्यावर चालवून बघा. तेव्हा ओढत नसेल तर दोष चाकात नाही, काचेमागच्या कॅमेऱ्यात आहे. तो कॅमेरा एखाद्या अंशाने जरी वाकडा बसला तरी लांबवरचा पट्टा त्याला भलतीकडेच दिसतो. काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा सरळ लावून घेणं, करायचं असतं, खास बोर्ड समोर ठेवून किंवा ठरावीक वेगाने रस्त्यावर चालवून. बंपर बदलला, सस्पेन्शन खोललं तरी विचारून घ्या, बऱ्याच गाड्यांचं रडार बंपरमागेच असतं. कॅलिब्रेशन होईपर्यंत लेन असिस्ट बंदच ठेवा, आणि ऑटो ब्रेकही त्याच कॅमेऱ्यावर चालतो म्हणून हे पुढे ढकलू नका.

रात्रीच्या पायी चालणाऱ्यांचं मात्र ऐकायला बरं नाही. एएए या अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये चार गाड्या तपासल्या, ताशी ३२ किलोमीटर वेग, भर दिवसा रस्ता ओलांडणारा मोठ्या माणसाचा पुतळा, त्यालाही ४० टक्के वेळाच वाचवता आलं. दोन उभ्या गाड्यांच्या मधून एकदम आलेल्या मुलाच्या पुतळ्याला ८९ टक्के वेळा धडक बसली. रात्री तर सिस्टीम असून नसल्यासारखी. नंतर सुधारणा झाली, २०२२ च्या आकड्यांत पायी चालणाऱ्यांना होणाऱ्या धडका २७ टक्क्यांनी कमी दिसल्या, पण रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात तेव्हाही फरक नव्हता. वेगाचंही तेच, २०२२ ची एएएची चाचणी, उभ्या गाडीमागे ताशी ४८ ला २० पैकी १७ वेळा टक्कर टळली, ६४ ला २० पैकी फक्त ६ वेळा. २०२४ मध्ये अमेरिकेने नियम केला की सप्टेंबर २०२९ पासून नव्या गाड्यांच्या ऑटो ब्रेकने माणूस रात्रीही ओळखलाच पाहिजे, म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या बऱ्याच गाड्या त्या परीक्षेला बसलेल्याच नाहीत.

तेव्हा घरच्यांना चमकणारी पट्टी असलेलं जॅकेट द्या, पण नुसत्या जॅकेटवर अवलंबून राहू नका, हातात टॉर्च हवा आणि दिवे असलेला रस्ता धरायचा. फुटपाथ नसेल तर समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने चालायला सांगा.