दिवसाचं शेपूट

"मॅडम, सुट्टी संपायला आठवडा राहिला. मुलांना पुढे आठवेल असं मी काहीच केलं नाही. आठवेल ते एवढंच, की आई ओरडत होती."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या हे बोलून मोकळ्या झाल्या. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतून लहान मुलाचा एकच बूट डोकावत होता. मापाला आणला होता, माझ्याकडून निघाल्यावर नवे घ्यायचे होते. समुपदेशनाच्या तासालाही कामाची पिशवी बरोबर.

उन्हाळा सरत आला की हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. कधी आयांकडून, कधी बाबांकडून. सुट्टी सुरू होताना डोक्यात एक यादी असते, कुठे जायचं, काय शिकवायचं, काय मिळून करायचं. सुट्टी संपताना त्या यादीचा जाब कुणीही विचारत नाही, पण माणूस स्वतःलाच विचारत बसतो. ही गोष्ट त्या बाईंच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

घरात सहा जणं. नवरा, सासूबाई आणि तीन मुलं. थोरली १३ वर्षांची, मधला ९, धाकटी ५. घरात सगळे त्यांना आई म्हणतात. मुलांशी बोलताना नवराही "आईला विचार" असंच म्हणतो. मीही इथे आईच म्हणते.

पहिल्या भेटीत नेहमीचं विचारून घेतलं. झोप लागते का, भूक लागते का, रडू येत राहतं का, मुलांवर हात उठतो का, घरात कुणाची भीती वाटते का. यातलं काही असतं तर पुढची वाट वेगळी झाली असती, डॉक्टरांकडेही पाठवलं असतं. तसं नव्हतं. बाई दमलेल्या होत्या आणि घर धडधाकट होतं, जरा जास्तच.

मग मी एक चूक केली. त्यांना सांगितलं, रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा. सोपा आणि हाताशी असलेला गृहपाठ. मंगळवारी सकाळी त्या वही घेऊन आल्या. आदल्या दिवशीचं असं होतं: "१. मुले आनंदाने खेळली. २. सर्वांनी एकत्र जेवण केले. ३. हवा चांगली होती."

"हवा खरंच चांगली होती?" मी विचारलं.

"नाही हो, उकाड्याने जीव जात होता. तिसरं काहीतरी हवं होतं ना."

आम्ही दोघी हसलो, पण वही माझ्यामुळे वाया गेली होती. आधीच स्वतःची परीक्षा घेत असलेल्या माणसाला मी आणखी एक पेपर दिला होता. मग गृहपाठ बदलला. चांगलं-वाईट काही ठरवायचं नाही. कानावर पडलेलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं आणि शेजारी वेळ टाकायची. ओरडलात तर तेही लिहायचं. शुद्धलेखन नको, कारण नको, शेरा नको.

शनिवारी तीच वही घेऊन त्या आल्या तेव्हा तिच्यात घर आलं होतं.

मंगळवार, दुपारी १. मधल्याने खडूने खोलीच्या मधोमध रेघ मारली. अलीकडे त्याचं, पलीकडे थोरलीचं. आजींच्या खुर्चीचे दोन पाय इकडे, दोन तिकडे. आजी म्हणाल्या, "मग मी निम्मी कुणाकडे?" धाकटीच्या वाट्याला हद्दच आली नाही, म्हणून ती जाऊन रेघेवर आडवी झाली. तिथेच झोपली.

बुधवार, संध्याकाळी ६.२०. दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा. थोरली आजींपेक्षा बोटभर उंच निघाली. आजी टाचा वर करून उभ्या. मधला ओरडला, "आजी, चीटिंग!" आजी म्हणाल्या, "ती काही वाढली नाही रे, मीच आटतेय."

बुधवार, रात्री ८. मधल्याला नवे बूट काढवेनात. एक काढला, दुसरा म्हणे पायातच राहू दे, "त्याला सवय होऊ दे."

आणि मग गुरुवार, रात्री ९.४०. "दात घासले का?" अकरा वेळा. थोरली म्हणाली, "तू दिवसभर माझ्याशी फक्त दातांबद्दल बोलतेस." दार आपटलं. मी ओरडले. दिवे बंद.

चार दिवसांत २६ नोंदी. मी त्यांना पेन्सिल दिली आणि म्हटलं, ज्या नोंदीत तुमचा आवाज चढला तिच्याखाली रेघ मारा. सहा रेघा झाल्या. मग म्हटलं, आता वेळा बघा. सहाच्या सहा रात्री नऊनंतरच्या. त्यांनी पानं उलटीकडून पुन्हा मोजली, हिशेबात चूक सापडेल म्हणून.

"पण मला तर वाटतं, मी दिवसभर ओरडते."

इथे मी त्यांना एक प्रयोग सांगितला. डॅनियल कानमन हे मानसशास्त्रज्ञ, २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग. माणसांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला लावला. दुसऱ्या वेळी तसेच ६० सेकंद, वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या शेवटच्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू अंशभर कोमट केलं. मग विचारलं, तिसऱ्यांदा करायचं तर कुठलं करू? दुसऱ्या वेळी त्रास उघडच जास्त वेळ होता. तरी बहुतेकांनी तेच निवडलं, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. आठवण काढताना मन सेकंद मोजत नाही. सगळ्यात तीव्र क्षण कोणता होता आणि शेवट कसा झाला, या दोन गोष्टी त्याच्या हाती राहतात आणि त्यावरून ते अख्ख्या प्रसंगाला भाव ठरवतं.

आता पाण्यात हात बुडवणं वेगळं आणि तीन मुलांचं घर वेगळं. या एका प्रयोगावरून मुलांना वीस वर्षांनी काय आठवेल ते मी सांगू शकत नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर मला शंका येते. पण प्रश्न मुलांच्या आठवणीचा नव्हताच, आईंच्या आठवणीचा होता. रोज रात्री दहा वाजता दिवसाचा निकाल त्या लावत होत्या, आणि पुरावा म्हणून समोर होता तो फक्त शेवटचा अर्धा तास. खडूची रेघ, आजींच्या टाचा, पायातला एकटा बूट, हे साक्षीला यायच्या आतच निकाल लागलेला असायचा.

मग तो अर्धा तासच का बिघडतो, हे बघायला हवं होतं. कारण काही खोल नव्हतं. सुट्टीत झोपेची वेळ सरकत बारावर गेली होती, उठायची दहावर. शाळेच्या दिवशी साडेसहाला उठायचं. म्हणून सोमवारपासून आईंनी फर्मान काढलं, नऊला सगळे अंथरुणात. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१६ च्या शिफारशी पाहिल्या तर ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप हवी, १३ ते १८ वयात ८ ते १०. तेव्हा आईंचं गणित बरोबर होतं, फक्त शरीर एका रात्रीत तीन तास मागे येत नाही. त्यातून थोरलीचं वय असं, की वयात येताना शरीराचं घड्याळच उशिराकडे झुकतं. नऊला झोप येणं मुलांच्या हातात नव्हतं आणि ती आणणं आईंच्याही हातात नव्हतं. उरत होतं ते दातांचं. तेवढ्यावरच हुकूम चालायचा, म्हणून अकरा वेळा दात.

मी सांगितलं, रात्र सोडा, सकाळ धरा. रोज पंधरा-वीस मिनिटं लवकर उठवा, पडदे उघडा, अंगावर उजेड येऊ द्या. रात्रीची झोप आपोआप मागे सरकेल. हे खरं तर दोन आठवडे आधी सुरू करायचं असतं. आमच्याकडे आता दोन दिवसही नव्हते, म्हणून हेही कबूल करून टाकलं, की पहिले काही दिवस मुलं शाळेत पेंगतील. पेंगू देत.

दुसरं, दात, दप्तर, कपडे हे सगळं साडेसातलाच उरकायचं. आणि दिवे मालवण्याआधीच्या दहा मिनिटांत घरात एकही आज्ञार्थी क्रियापद नको. घास, ठेव, उचल, झोप, सगळी बंद.

"मग बोलायचं काय?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

शनिवारी त्यांचे यजमानही बरोबर आले होते. भले गृहस्थ, मुलांत रमणारे. म्हणाले, "हिने फक्त सांगावं, मी काहीही करायला तयार आहे." मी वहीतलं बुधवारचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. "आईला विचार" हे वाक्य त्यांच्या तोंडी त्या दिवशी सात वेळा. त्यातलं एक त्यांचा स्वतःचा चष्मा कुठे आहे याबद्दल. ते आधी हसले, मग पुन्हा वाचलं.

ॲलिसन डेमिंजर या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेत ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ साली एक अभ्यास मांडला. घरकामाचा जो भाग डोक्यात चालतो त्याचे त्यांनी चार तुकडे केले: काय लागणार आहे ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि मग झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवताना दोघंही असतात असं त्यांना दिसलं. पण पहिला आणि शेवटचा तुकडा जास्त करून बायकांकडे. मी यजमानांना म्हटलं, "तुम्ही करायला तयार आहात हे दिसतंय. पण सांगणं हेच अर्धं काम आहे, आणि ते त्यांच्याकडेच राहतंय." ठरलं असं, की दातांचं खातं यापुढे पूर्ण त्यांचं. आठवण, तपासणी, नवे ब्रश, सगळं. आईंनी त्यात तोंड घालायचं नाही, ब्रश कोरडा दिसला तरी. हे दुसरं कलम त्यांना जड गेलं, चेहऱ्यावर दिसत होतं.

निघताना त्या दारात थांबल्या. यजमान पुढे गेले होते.

"थोरलीला सॉरी म्हणू का? आई म्हणून पत राहील ना माझी?"

हा प्रश्न बहुतेक पालक दारातच विचारतात, खुर्चीत नाही. एड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. आई बाळाशी हसत खेळत असते, मग सांगितल्याप्रमाणे दोनएक मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, शेवटी तोंड फिरवतं, रडू लागतं. मग आई पुन्हा नेहमीसारखी होते आणि दोघं हळूहळू जुळवून घेतात. लोकांना मधली रडारड लक्षात राहते. मला या कामात उपयोगी पडलं ते ट्रॉनिक यांचं पुढचं निरीक्षण: प्रेमळ आई आणि बाळ यांचेही सूर एरवी वरचेवर चुकतात, आणि चुकलेला सूर पुन्हा जुळतो यातूनच नातं घट्ट होतं. म्हटलं, पत जाणार नाही. पण लांबलचक बोलू नका आणि शेवटी "पण तूसुद्धा" जोडू नका.

त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. वहीत नोंद आहे. शनिवार, ७.१०. "परवा मी ओरडले ते दातांमुळे नव्हतं. मी दमले होते." थोरली म्हणाली, "माहितीये." आणि पलंगावर सरकून जागा केली.

शाळा सुरू झाल्यावर गुरुवारी त्या पुन्हा आल्या. या वेळी पिशवी नव्हती. मधला पहिल्या दिवशी वर्गात खरंच झोपला होता, बाईंची चिठ्ठी आली होती. धाकटी शाळेत जाताना रडली नाही, त्याचंच यांना वाईट वाटलं होतं. ओरडणं संपलं का, असं मी विचारलं नाही. त्यांनी आपण होऊन सांगितलं, की सकाळी सातला आता नवीन सुरू झालंय, मोज्यांचं. ते आम्ही पुढच्या भेटीसाठी ठेवलं.

वही मात्र आणली होती. शाळेच्या आदल्या रात्रीचं पान उघडून माझ्यापुढे धरलं.

रविवार, रात्री ९.३०. बाबा दारात उभे राहून: "दात?" थोरली: "घासले." मधला: "घासले." बाबा: "दाखव." धाकटीने न विचारता आ केला. आजी आतल्या खोलीतून: "माझे घासून ग्लासात ठेवलेत, हवे तर मोजून घे." मधला मोजायला गेला. सगळे त्याच्या मागे. मी पण.

खाली वेगळ्या शाईत: झोपायला साडेदहा.