गाडीच्या नंबर प्लेटचे दिवे घरच्या घरी बदलता येतात का?

हॅचबॅकच्या मागच्या नंबर प्लेटचे दोन्ही दिवे बंद, गॅरेजवाला अख्खं युनिट (काच-होल्डरसकट दिवा) बदला म्हणतोय, आणि एलईडी टाकू का, असं तुम्ही विचारलंय. बल्ब घरी आरामात बदलता येतो. खटकतंय ते ‘दोन्ही एकदम’ हे. त्यामुळे दुकानात जायच्या आधी जरा गाडीच्या मागे उकिडवे बसा.

खरं तर दोन्ही एकदम गेलेले असतीलच असं नाही. स्वतःच्या गाडीच्या मागे रात्री जाऊन कोण बघतं? एक महिनोन्‌महिने बंद असतो, दुसरा गेला की सिग्नलला कुणीतरी काच वाजवून सांगतो. तरी खात्री करून घ्या. पार्किंग लाइट लावा आणि मागचे लाल दिवे बघा. बहुतेक गाड्यांत नंबर प्लेटचे दिवे त्यांच्याबरोबरच लागतात. लाल दिवेही बंद असतील तर बल्बला हात लावू नका, फ्यूज बघा. कुठला ते फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये मिळेल. नवा टाकताना त्याच अँपिअरचा टाका. पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर पत्र्याला लागतेय, तिथे जास्त अँपिअरचा फ्यूज घालून वेळ मारून नेऊ नका.

लाल दिवे दोन्ही बाजूंना नीट लागत असतील तर नंबर प्लेटच्या दिव्याच्या काचेवर बोटाने टिचकी मारा. क्षणभर जरी लुकलुकला तरी समजा की बहुधा बल्ब बरा आहे, कॉन्टॅक्ट ढिला आहे.

आता उघडायचं. लाइट बंद, किल्ली बाहेर, आणि बल्ब तापलेला असेल तर थोडं थांबा. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, पण स्क्रू ड्रायव्हरचं टोक होल्डरमधल्या दोन धातूच्या पट्ट्यांना एकदम लागलं की फ्यूज उडतो आणि काम वाढतं.

काही गाड्यांत काच दोन स्क्रूंवर असते. हे स्क्रू रस्त्याची घाण खाऊन गंजलेले असतात. गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा मिनिटं सोडा आणि बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर दाबून फिरवा. घाई केली की डोक्याची खाच जाते. काही गाड्यांत डिक्कीच्या आतलं अस्तर सरकवून मागून होल्डर पाव फेरा फिरवला की बल्बसकट हातात येतो. सगळ्यात जास्त डोकं खाते ती क्लिपवाली काच. तिच्या एका बाजूला स्प्रिंगची पट्टी असते, दुसऱ्या बाजूला नुसता प्लास्टिकचा दात. काच आधी स्प्रिंगच्या दिशेने सरकवायची, म्हणजे दाताची बाजू सुटते आणि मग ती खाली ओढता येते. कडेला छोटी खाच दिसते, चपटा स्क्रू ड्रायव्हर तिथेच घालायचा. टोकाला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या, रंगाला ओरखडा पडणार नाही. जुन्या गाडीचं प्लास्टिक उन्हाने कडक झालेलं असतं, त्यामुळे थंडीतल्या सकाळी हे काम करू नका. गाडी तासभर उन्हात उभी करा, मग दात सहसा तुटत नाही. हा दात तुटला तर मात्र गॅरेजवाल्याचं युनिट घ्यावंच लागेल.

आत दोनपैकी एका जातीचा बल्ब निघेल. एक बिनटोपीचा, चपट्या बुडाचा, सरळ ओढून काढायचा. त्यावर डब्ल्यू५डब्ल्यू किंवा १२ व्होल्ट ५ वॅट असं काहीतरी बारीक अक्षरांत असतं, दुकानात कॅपलेस किंवा टी१० म्हटलं तरी कळतं. दुसरा लांबुळका, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला फेस्टून. तो दोन पट्ट्यांमध्ये अडकवलेला असतो. फेस्टूनची लांबी वेगवेगळी असते, ३१ पासून ४१ मिलिमीटरपर्यंत, आणि चार-पाच मिलिमीटरच्या फरकानेही तो बसत नाही किंवा ढिला राहतो. म्हणून जुना बल्ब खिशात घालून जा आणि शेजारी धरून बघा. पुण्यात असाल तर नाना पेठेत, नाहीतर गावातल्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल. जोडीच घ्या. दोन्ही सारखेच जुने असतात आणि डिक्की आपटल्याचा मार दोघांच्या फिलामेंटला सारखाच बसतो.

पण विकत घ्यायच्या आधी जुना बल्ब उजेडासमोर धरा. तार तुटलेली दिसली, किंवा काच आतून काळी-रुपेरी झालेली असली, तर बल्ब गेलेला आहे. तार अखंड असेल तर पैसे खर्चायची गरजच नाही, दोष बहुधा होल्डरमध्ये आहे. मी रत्नागिरीत राहतो, आमच्याकडे खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने हेच होतं. परवाच शेजारच्या काकांच्या गाडीचा दिवा उघडला. बल्ब ठणठणीत, आणि पितळी पट्टीवर हिरवट पूड अशी जमलेली की खाली धातू दिसेना. बारीक पॉलिश पेपरची चिंचोळी पट्टी कापून खाचेत घातली, पाच-सहा वेळा पुढेमागे घासली, पितळ चमकायला लागलं. पट्टी दबली होती ती स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने केसभर पुढे ओढली. तोच बल्ब परत घातला, लागला. काका म्हणाले, “अरे, मी तर नवीन आणून ठेवलेत.” ठेवा म्हटलं, लागतील कधीतरी.

घासून झालं की पट्टीवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात द्या, हवा-पाणी लागत नाही. काचेभोवतीचं रबर कडक झालं असेल किंवा जागचं हललं असेल तर ते नीट बसवा, पाणी तिथूनच आत जातं. आणि काच चढवायच्या आधी दिवा लावून बघा. एवढं साधं असून बहुतेकजण विसरतात आणि मग पुन्हा तोच दात, तीच स्प्रिंग.

एलईडीबद्दल. माझं मत साधं: ५ वॅटचा तारेचा बल्ब या कामाला पुरतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०५ क्रमांकाचा नियम सांगतो की मागच्या नंबरवर पांढरा उजेड पडला पाहिजे आणि तो मागून १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. साधारण वीस पावलं मागे जाऊन बघा, दिसला की झालं. निळे-जांभळे एलईडी मिळतात ते या नियमात बसत नाहीत, पोलिसाला थांबवायला निमित्त मिळतं. पांढरा एलईडी चालतो, वीजही कमी खातो, पण फार प्रखर घेऊ नका. रिव्हर्स कॅमेरा बहुतेक वेळा याच दिव्यांच्या मध्ये असतो आणि रात्री पडद्यावर निम्मं चित्र पांढरं होऊन जातं. एलईडी घातला आणि लागला नाही तर तो काढून उलटा घाला, त्याला प्लस-मायनसची बाजू असते, साध्या बल्बला नसते. काही गाड्या, विशेषतः युरोपियन बनावटीच्या, दिव्याला जाणारा करंट मोजतात. त्यांना एलईडीचा कमी करंट बघून बल्ब गेला असं वाटतं आणि डॅशबोर्डवर सूचना येते. त्यासाठी ‘कॅनबस’ लिहिलेले बल्ब मिळतात. तेवढ्यासाठी हा खटाटोप मी तरी करणार नाही.

आता युनिटचं. ते बदलायच्या आधी एक बघा. बल्ब नवा, कॉन्टॅक्ट स्वच्छ, फ्यूज शाबूत, आणि तरीही अंधार असेल, तर डिक्की उघडून बिजागरीजवळची घडीची रबरी नळी बघा. गाडीतून डिक्कीच्या दारात जाणाऱ्या सगळ्या वायरी त्यातून जातात. दार उघडताना-मिटताना वर्षानुवर्षं त्या एकाच जागी वाकतात आणि शेवटी आतली तार तुटते, वरून आवरण धड दिसतं. दिवा लावून ठेवा आणि दार हळूहळू वर-खाली करा. मध्येच लागला-विझला तर तिथेच दोष आहे. मागची वायपर किंवा डिक्कीचं लॉक अधूनमधून रुसत असेल तर संशय आणखी पक्का. हे घरी करायचं काम नाही. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा आणि त्याला स्पष्ट सांगा: “रबरातली वायर बघ, तुटली असेल तर तुकडा जोडून डाग दे, म्हणजे सोल्डर कर.” नुसतं पिळून टेप मारू देऊ नका, पुढच्या पावसात परत याल.