ड्रायव्हरमध्ये कॉलबॅक चालू असताना लॉक धरून ठेवायचं की सोडायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: ड्रायव्हर वरच्या थराने नोंदवलेला कॉलबॅक (घटना घडली की बोलवायचं म्हणून आधी देऊन ठेवलेलं फंक्शन) बोलावतो, तेव्हा स्पिनलॉक (मिळेपर्यंत कोर जागीच फिरत राहतो असं लॉक) हातात ठेवावं की सोडावं, आणि स्पिनलॉकच्या जागी म्युटेक्स (मिळेपर्यंत मागणारा झोपतो असं लॉक) घेतलं तर भागेल का. शेवटी तुम्ही लिहिलंय, "आमचे सीनियर म्हणतात, पूर्ण फंक्शनवर लॉक घाल, जास्त लॉकने कधी काही बिघडत नाही." या वाक्यासाठी मी लिहायला बसलो. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी २०११ साली गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत ऐकलंय आणि त्यापायी एक आख्खा मे महिना डिचोली तालुक्यातल्या लाल धुळीत काढलाय.

आधी उत्तर. सोडा. लॉक घ्या, काय बोलवायचं आणि कोणाला हे ठरवा, ऑब्जेक्टचा रेफरन्स काउंट (तो किती जण वापरताहेत याची मोजणी) एकने वाढवा, लॉक सोडा, मग कॉलबॅक बोलवा, परत आल्यावर काउंट कमी करा. बोलवायचे बरेच असतील तर लॉकखाली ती यादी स्थानिक यादीत हलवा आणि बाहेर येऊन एकेक बोलवा. मधल्या वेळात ऑब्जेक्टची मेमरी मोकळी होईल ही तुमची भीती रास्त आहे, पण त्यावरचा उपाय रेफरन्स काउंट आहे, लॉक नाही. समोरच्याच्या कॉलबॅकमध्ये काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं. तो तुमच्याच ड्रायव्हरच्या एखाद्या फंक्शनला उलट हाक मारेल, ते फंक्शन तेच लॉक मागेल, आणि लिनक्सचं स्पिनलॉक त्याच धाग्याला (थ्रेडला) दुसऱ्यांदा मिळत नाही. तिथेच फिरत बसेल.

आता ती हकीकत. तुमच्या प्रश्नाची ती उलटी बाजू आहे. तुम्ही लॉक धरून कॉलबॅक बोलावताय, आम्ही लॉक धरून कॉलबॅक संपायची वाट बघत होतो.

मी फोंड्याचा. तेव्हा वेर्ण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो, खाणींवरच्या वजनकाट्यांसाठी यंत्रणा बनवायची. काट्याखालच्या लोडसेलचे (वजन मोजणाऱ्या सेन्सरांचे) आकडे एक पेटी गोळा करायची, पेटीतून केबल पीसीतल्या आमच्या कार्डाला, आणि कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर अर्धा माझा, अर्धा माझ्या वरिष्ठांचा. कार्ड इंटरप्ट (हातातलं काम थांबवून इकडे बघ अशी प्रोसेसरला हाक) द्यायचं, इंटरप्टमध्ये आकडा उचलायचा आणि टायमर २५० मिलिसेकंदांनी पुढे ढकलायचा. तेवढ्या वेळात नवा आकडा आला नाही तर टायमरचा कॉलबॅक सुटायचा, लॉक घ्यायचा, चॅनल रिसेट करायचा आणि स्वतःला पुन्हा लावून घ्यायचा. ऑपरेटरने स्टॉप दाबला की स्टॉपचं फंक्शन लॉक घ्यायचं, कार्डाला बंद व्हायचा हुकूम द्यायचं, टायमर काढायचं, लॉक सोडायचं. टायमर काढायला आम्ही डेल_टायमर_सिंक वापरलं होतं. ते नुसता टायमर काढत नाही. कॉलबॅक दुसऱ्या कोरवर चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबतं. आणि आम्ही ते लॉकच्या आत बोलावलं होतं.

आता बघा काय होतं. पहिला कोर स्टॉपमध्ये आहे, लॉक त्याच्या हातात. नेमका तेव्हा दुसऱ्या कोरवर टायमर सुटतो, कॉलबॅक लॉक मागत फिरतो. पहिला कोर डेल_टायमर_सिंकला पोचतो आणि कॉलबॅक संपायची वाट बघतो. कॉलबॅक लॉक सुटायची वाट बघतो. दोन्हीकडे इंटरप्ट बंद, कारण लॉक आयआरक्यूसेव्हवालं, म्हणजे घेतानाच त्या कोरचे इंटरप्ट बंद करणारं. स्क्रीन गोठते, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही. लॉगमध्ये एक ओळ नाही.

मे महिना. पावसाळ्यात खनिजाची वाहतूक बंद असते, त्यामुळे मेच्या शेवटी खाणीवर एकच घाई. संध्याकाळी वळवाचा पाऊस, विजा, आणि लाईट लुकलुकते. पीसी यूपीएसवर होता, काट्याजवळची पेटी नव्हती. लाईट दचकली की पेटी नव्याने चालू व्हायची, मिनिटभर आकडा गोठायचा. आकडा गोठला की काट्यावरचे काका स्टॉप दाबायचे, स्टार्ट दाबायचे, परत स्टॉप. महिन्याभरात चार वेळा पीसी ठप्प झाला. एकेक वेळी बटण दाबून बंद करायचा, परत चालू करायचा, फाइल सिस्टमची तपासणी होऊ द्यायची, आणि तोवर टिपरांची रांग पार वळणाच्या पलीकडे. ट्रकवाल्यांना खेपेवर पैसे. पावसाआधीची एक खेप चुकली तर ती परत मिळत नाही. चौथ्या वेळी एक ट्रकवाला केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. काही बोलला नाही, नुसता मॉनिटरकडे बघत राहिला. ते मी विसरलो नाही.

काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "बाबा, लाईट गेली म्हणून ते अडकत नाय. लाईट येते, आकडा परत चालू होत नाय, मी स्टॉप मारतो, तेव्हा अडकतं. स्टॉप नाय मारला तर कधीच नाय." मी हे वरिष्ठांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, काट्यावरचा माणूस काय निदान करणार, वीज खराब आहे, मोठा यूपीएस बसवा. मी विचारलं की स्टॉपमधलं लॉक थोडं आखडतं घेऊ का. तेव्हा ते तुमच्या सीनियरांचं वाक्य आलं.

मोठा यूपीएस आला, खाणवाल्यांच्या पैशाने. पेटीही त्याच्यावर घेतली. लाईट दचकली तरी पेटी चालू राहू लागली, टायमर सुटेनासा झाला, पीसी ठप्प होणं थांबलं. वरिष्ठांनी ईमेल पाठवली की समस्या मिटली. आठ दिवसांनी एक टिपर मागे घेताना केबलवर चढला, केबल अर्धवट तुटली, आकडे अधूनमधून यायला लागले, काकांनी स्टॉप मारला आणि पीसी परत ठप्प. वीज तर सुरळीत होती.

मग मी लॅबमध्ये बसलो आणि सगळ्यात मोठी चूक मला तिथे दिसली, ती माझीही होती. लॅबचा पीसी जुना पेंटियम फोर, एकच कोर, आणि त्यावरचा कर्नल (लिनक्सचा गाभा) एसएमपी, म्हणजे एकाहून जास्त कोर वापरायची सोय, बंद ठेवून कंपाइल केलेला. अशा कर्नलमध्ये स्पिनलॉकची फिरकी उरतच नाही, आयआरक्यूसेव्ह नुसते इंटरप्ट बंद करतं. डेल_टायमर_सिंक तर त्या काळच्या कर्नलमध्ये एका कोरसाठी साधं डेल_टायमर म्हणूनच कंपाइल व्हायचं. वाट बघायला दुसरा कोरच नाही! आम्ही तीन महिने अशा मशीनवर चाचणी घेत होतो जिथे हा दोष असणं शक्यच नव्हतं. काट्यावरचा पीसी ड्युअल कोर होता.

एका मित्राचा ड्युअल कोर पीसी आणला, २.६.३२ कर्नल कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग चालू करून कंपाइल केला, म्हणजेच लॉकडेप. हे साधन इंगो मोल्नार आणि आर्यन व्हॅन डे वेन यांनी लिहिलेलं, २००६ साली २.६.१८ मध्ये आलं. कुठलं लॉक कुठल्या लॉकच्या आत घेतलं गेलं याचा तक्ता ते ठेवतं, आणि टायमरलाही एक खोटं लॉक समजून त्या तक्त्यात बसवतं. त्यामुळे मशीन खरोखर अडकावी लागत नाही. मी केबल उपटली, कॉलबॅक एकदा सुटू दिला, केबल लावली, स्टॉप दाबला. मशीन चालूच राहिली आणि लॉगमध्ये रिपोर्ट आला: वर्तुळाकार अवलंबनाची शक्यता. एका बाजूला आमचं लॉक, दुसऱ्या बाजूला टायमर, खाली दोन्ही वाटांचे पूर्ण कॉल स्टॅक. जे महिन्यात चारदा दिसलं होतं, ते एका मिनिटात कागदावर. त्या फंक्शनच्या वरच्या टिपणीत तर स्पष्ट लिहिलेलं असतं की कॉलबॅकला पूर्ण होऊ न देणारं लॉक धरून हे बोलावू नका. आमच्यापैकी कोणी ती वाचली नव्हती.

दुरुस्ती दहा ओळींची. लॉक घ्या, "थांबतोय" हा झेंडा लावा, कार्डाचे इंटरप्ट बंद करा, लॉक सोडा. मग सिंक्रोनाइझ_आयआरक्यू, म्हणजे चालू असलेला हँडलर संपेल. मग डेल_टायमर_सिंक. आणि इंटरप्ट हँडलर व टायमरचा कॉलबॅक, दोघांनीही टायमर परत लावण्याआधी लॉकखाली झेंडा बघायचा. हा शेवटचा भाग लोक विसरतात. तुम्ही टायमर काढता आणि मागून इंटरप्ट तो परत लावतो, मग मेमरी मोकळी झाल्यावर टायमर सुटतो, आणि त्याचा शोध घेणं ठप्प झालेल्या मशीनपेक्षा वाईट. आताच्या कर्नलमध्ये यासाठी टायमर_शटडाऊन_सिंक आहे, ६.२ पासून. त्यानंतर टायमर परत लावताच येत नाही. लॉकच्या आत मात्र तेही बोलवायचं नाही. जुन्या डेल_टायमर_सिंकचं नाव आता टायमर_डिलीट_सिंक झालंय.

म्युटेक्सबद्दल विचारलंत. स्पिनलॉक काढून म्युटेक्स घातल्याने हा प्रश्न सुटत नाही. कॉलबॅक टायमरचा किंवा इंटरप्टचा असेल तर तिथे झोपता येत नाही, म्हणून तिथे म्युटेक्स घेताच येत नाही. कॉलबॅक वर्कक्यूवरचा (कर्नलने मागाहून करायच्या कामांची रांग, तिथे झोपता येतं) असेल तर म्युटेक्स घेता येतं, पण ते धरून कॅन्सल_वर्क_सिंक बोलावलंत की तीच गाठ, फक्त या वेळी दोघे फिरण्याऐवजी झोपून राहतील. आमच्याकडे म्युटेक्स एका जागी कामाला आलं: स्टार्ट आणि स्टॉप एकमेकांवर येऊ नयेत म्हणून दोघांच्या बाहेरून एक म्युटेक्स, ज्याला कुठलाच कॉलबॅक हात लावत नाही. ते धरून वाट बघायला हरकत नाही.

विंडोजवर असाल तर तिथेही हेच आहे. स्पिनलॉक धरून आयओकम्प्लीटरिक्वेस्ट (विनंती पूर्ण झाल्याचं कळवणारं फंक्शन) बोलवायचं नाही, कारण त्यातून वरच्या ड्रायव्हरचे कम्प्लिशन रूटीन तिथल्या तिथे चालतात आणि त्यातला एखादा तुमच्याकडेच नवी विनंती घेऊन येऊ शकतो. ड्रायव्हर व्हेरिफायर या विंडोजच्या तपासणी-साधनात डेडलॉक (एकमेकांची वाट बघत अडकणं) पकडायची सोय आहे, ती चालू करा.

तुमच्या सीनियरांना एवढं सांगा की लॉक फंक्शनचं रक्षण करत नाही, डेटाचं करतं. कुठल्या लॉकखाली कुठली फील्ड आहेत हे स्ट्रक्चरच्या शेजारी एका ओळीत लिहिता आलं नाही, तर ते लॉक कशासाठी आहे हे कोणालाच माहीत नाही. सगळ्यावर एक मोठं लॉक हा प्रयोग लिनक्सने स्वतः केलाय. बिग कर्नल लॉक काढून टाकायला वर्षानुवर्षं लागली आणि ते २०११ मध्येच, २.६.३९ ला, संपलं. माझ्या वरिष्ठांना मी लॉकडेपचा रिपोर्ट छापून दिला होता. त्यांनी तो वाचला, दुरुस्ती घ्यायला परवानगी दिली, पण बदलाच्या नोंदीत "विजेच्या चढउतारांसाठी सुधारणा" असं लिहायला लावलं. मी तसं लिहिलं. आज लिहिणार नाही.

काही अपवाद सांगायचे राहिले. काही उपप्रणालींचा करारच असा असतो की कॉलबॅक लॉक धरून येईल. सिरीयल कोर (लिनक्समधला सिरीयल पोर्टांचा सामायिक कोड) ड्रायव्हरचं स्टार्ट_टीएक्स हे फंक्शन पोर्टचं लॉक धरून बोलावतो, तिथे तुम्ही ते परत घ्यायचं नाही. तेव्हा "सोडा" हे तुम्ही स्वतः लिहिलेल्या कॉलबॅक-व्यवस्थेसाठी. दुसऱ्याच्या व्यवस्थेत शिरताना आधी तिचा करार वाचा. वाट न बघणारं साधं टायमर काढणं लॉकखाली चालतं, ऑब्जेक्ट मोकळा होणार नसेल तर. लॉकडेप फक्त चाललेल्या वाटा ओळखतं, म्हणून चुकांच्या वाटा मुद्दाम चालवा, केबल उपटा. आणि ते पहिल्या रिपोर्टनंतर स्वतः बंद होतं, पहिला दोष काढून मशीन परत चालू केल्याशिवाय दुसरा दिसणार नाही.

दुरुस्त ड्रायव्हर बसवायला मी स्वतः गेलो, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस दारात होता. काकांना म्हटलं, तुम्हीच तपासा. मी पेटीची केबल काढून धरली आणि ते स्टार्ट-स्टॉप दाबत राहिले, मी वहीत पाच-पाचच्या काड्या मारत होतो. दोनशे झाल्यावर म्हटलं, पुरे. ते म्हणाले, "आणि पन्नास मारतो, तुझी केबल धरून ठेव."

तुमचा कोड लॉकडेप लावून चालवा, कॉलबॅकच्या आतून तुमच्याच ड्रायव्हरला एकदा मुद्दाम हाक मारून बघा. रिपोर्ट आला आणि उलगडला नाही तर दोन्ही स्टॅकसकट लिहा, मी वाचेन.