ट्रॅक्टरच्या टर्बोचा शाफ्ट हाताने हलतो, मिस्त्री म्हणतो बदला. खरंच गेला का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की तुरीची मळणी आटोपल्यावर होज काढून पाहिला तर शाफ्ट आजूबाजूला हलतो, आणि मिस्त्रीने थेट नवा टर्बो सांगितला. तेवढ्यावरून बदलू नका. टर्बो म्हणजे एकाच शाफ्टवरचे दोन पंखे: सायलेन्सरकडचा (टर्बाइन) धुराच्या जोराने फिरतो, आणि फिल्टरकडचा इंजिनात जादा हवा दाबतो. ट्रॅक्टरच्या टर्बोत बहुधा तरंगती बुश बेअरिंग, म्हणजे शाफ्टभोवती सैल बसणाऱ्या धातूच्या नळ्या, असतात. शाफ्ट आणि बुश यांच्यात, बुश आणि हाऊसिंग (बाहेरचं कवच) यांच्यातही ऑईलसाठी जागा मुद्दाम ठेवलेली असते. इंजिन चालू असताना त्या जागेत दाबाने ऑईल भरतं आणि मिनिटाला लाखभर फेरे घेणारा शाफ्ट त्या थरावर तरंगतो. इंजिन बंद असलं की ऑईल निथळून जातं, मग हाताला शाफ्ट ढिला लागणारच. नवा टर्बोही असाच हलतो.

दोन हालचाली वेगळ्या ओळखा: आडवी, म्हणजे वर-खाली किंवा डावी-उजवी, आणि आत-बाहेर, म्हणजे शाफ्टच्या लांबीत. आडवी थोडी असणारच. आत-बाहेर मात्र जवळजवळ नसावीच.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. एअर फिल्टरकडून येणारा होज काढा. होज काढलेला असताना इंजिन अजिबात चालू करू नका, पंखा बोट आणि चिंधी दोन्ही ओढून घेतो. आता पंख्याचं टोक बोटांनी धरून एका बाजूला दाबा आणि दाबून ठेवूनच हळूहळू पूर्ण फिरवा. पाती हाऊसिंगला घासली, खर्र आवाज आला, फिरताना अडकलं, तर बेअरिंग गेलं. चारही बाजूंना दाबून असंच करा. मग सायलेन्सरकडचा पाइप काढून टर्बाइनच्या बाजूनेही करा, कारण उष्णता तिकडे जास्त असते. हाऊसिंगच्या आत चकाकती घासलेली रेघ दिसली तर माप घेत बसायचं कारणच नाही.

कुठेच घासत नसेल तर मॅग्नेट स्टँड असलेला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप, मागवा. त्याची टोचणी पंख्याच्या नटाच्या टोकावर सरळ लावा आणि शाफ्ट आत ढकला, बाहेर ओढा. पुष्कळ टर्बोंना आत-बाहेर ०.०२५ ते ०.१० मिमी चालते. साध्या गेजची एक रेघ ०.०१ मिमीची, म्हणजे काटा दहा रेघांच्या आत राहिला पाहिजे. बोटाला स्पष्ट ‘टक्’ लागत असेल तर थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारं बेअरिंग, झिजलं असं मी धरेन. आडवं माप टर्बोगणिक बदलतं. टोकाशी मोजलं तर काही दशांश मिमीसुद्धा भरतं, म्हणून तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलचा आकडाच अंतिम. मिस्त्रीकडे गेज नसेल तर एक साधी गोष्ट करा: ऑईल येण्याच्या भोकातून थोडं स्वच्छ इंजिन ऑईल सोडा, शाफ्ट फिरवा आणि पुन्हा हलवून पाहा. चांगल्या बुशमध्ये हालचाल दबल्यासारखी, मऊ लागते.

पात्यांच्या पुढच्या कडाही उजेडात नीट पाहा. आपल्याकडे थ्रेशरजवळ कुटाराची धूळ आणि काळ्या मातीची पूड एवढी उडते की फिल्टरनंतरच्या होजची क्लिप जरा ढिली असली तरी ती आत जाते. होजच्या आतून बोट फिरवा. बोटावर कोरडी भुरकट पूड आली तर फिल्टरनंतर कुठेतरी हवा लीक आहे. कडा पातळ, खरखरीत झाल्या असतील तर बेअरिंग शाबूत असूनही पंखा गेलेला असतो.

होजमध्ये ऑईलचा हलका ओलावा दिसला म्हणून घाबरू नका. ब्रिदरचा, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारा, पाइप तिथे जोडलेला असेल तर तेवढा येतो. थारोळं असेल तर मात्र टर्बोला दोष देण्याआधी तीन जागा पाहा: चोंदलेला एअर फिल्टर, बंद झालेला ब्रिदर, आणि ऑईल परत नेणारा खालचा पाइप. त्या पाइपातून ऑईल फक्त उतारानेच खाली जातं. तो वाकला, काजळीने भरला किंवा गॅस्केटला लावलेला सिलिकॉन आत आला, तर ऑईल तुंबतं आणि सीलमधून बाहेर येतं. टर्बोचं सील रबराचं नसून पिस्टन रिंगसारखी धातूची रिंग असते, ती तुंबलेलं ऑईल अडवू शकत नाही.

बेअरिंग खरंच गेलं असेल तर नवा टर्बो बसवण्याआधी ते का गेलं हे शोधा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. ऑईल आणि फिल्टर बदला. ऑईल आणणारा बारीक पाइप काढून आत जळून घट्ट झालेली काजळी आहे का पाहा, असेल तर पाइपच नवा टाका. भर उन्हात रोटाव्हेटर ओढून आल्या आल्या इंजिन बंद केलं की शाफ्टजवळचं ऑईल जळतं आणि ही काजळी बनते. दोन-तीन मिनिटं रिकामं चालू ठेवून मग बंद करायचं.

बसवताना ऑईलच्या भोकात स्वच्छ ऑईल भरून शाफ्ट हाताने फिरवा. मग डिझेल बंद ठेवून, ऑईल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारा. सुरू झाल्यावर काही मिनिटं रेस न देता चालवा आणि तेवढ्या वेळात दोन्ही ऑईल पाइपांचे जोड गळतात का ते पाहा.