वाचकांचे प्रश्न : अनुदानाला कात्री लागते तेव्हा

नाट्य, नृत्य आणि संगीत संस्थांच्या सार्वजनिक अनुदानात होणाऱ्या कपातीविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या नाट्यसंस्थेचे अनुदान यंदा एक तृतीयांशाने कमी झाले. एकूण उत्पन्नात अनुदानाचा वाटा तीस टक्के असल्यामुळे प्रत्यक्ष तूट दहा टक्क्यांची आहे. कार्यकारिणीतील एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात, की दहा टक्के काटकसर कोणालाही जमते. मग आमचा हिशेब का बसत नाही? – चिटणीस, एक नाट्यसंस्था

उत्तर : आपल्या सदस्यांचा आकडा बरोबर आहे, मात्र ती काटकसर कोणत्या रकान्यातून करायची, हे त्यांनी सांगितलेले नाही. समजा, आपल्या संस्थेचा वर्षाचा खर्च १०० आहे. त्यातील ६० हे कार्यालयाचे आणि गोदामाचे भाडे, कायम कर्मचाऱ्यांचे पगार, वीज, विमा आणि हिशेबतपासणी यांवर जातात; नाटक उभे राहो वा न राहो, ते द्यावेच लागतात. उरलेल्या ४० मध्ये चार नव्या निर्मिती होतात, प्रत्येकी १० खर्चून. जमेच्या बाजूला तिकीटविक्री ४५, अनुदान ३०, देणग्या १५ आणि किरकोळ उत्पन्न १० धरू. आता अनुदान ३० वरून २० वर आले. भाडे कमी होत नाही, पगार एका रात्रीत कमी करता येत नाहीत, म्हणून कार्यकारिणी एक नाटक रद्द करते आणि खर्च ९० वर आणते. परंतु त्या नाटकाबरोबर तिकीटविक्रीचा चौथा हिस्साही जातो आणि ४५ चे ३३.७५ होतात. दहाची तूट भरून काढायला निघालेली संस्था सव्वाअकराच्या तुटीत जाते. घाबरून दुसरे नाटकही रद्द केले तर तूट साडेबारा होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वरील गणितात प्रत्येक निर्मिती स्वतःचा थेट खर्च भरून काढून थोडे वर मिळवते, असे मी धरले आहे. जी निर्मिती तेवढेही मिळवत नाही, ती बंद केल्यास ताळेबंद खरोखर सुधारतो. नवख्या लेखकाचे पहिले नाटक, बालनाट्य, शाळांमधील प्रयोग आणि लहान गावांतील दौरे हे सारे बहुधा याच वर्गात मोडतात. त्यामुळे कात्री चालवणाऱ्याच्या मनात तसे असो वा नसो, ती आधी त्यांच्यावरच पडते, आणि ज्या कामासाठी सार्वजनिक पैसा द्यावा असे सर्वसाधारणपणे मानले जाते तेच काम सर्वांत आधी थांबते.

इंग्लंडमधील ग्लाइंडबोर्न हे याचे ठळक उदाहरण आहे. तेथील उन्हाळी ऑपेरामहोत्सव तिकिटे आणि देणग्यांवर चालतो. कलांना सार्वजनिक अनुदान वाटणाऱ्या आर्ट्स कौन्सिलचे पैसे दौरा आणि शैक्षणिक उपक्रम यांसाठी येत असत. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते अनुदान निम्म्यावर आणले गेले आणि १९६८ पासून चालत आलेला दौरा २०२३ साली रद्द झाला. महोत्सव मात्र चालू राहिला. म्हणजे ज्यांना महोत्सवापर्यंत जाणे परवडते त्यांचे काही गेले नाही. ज्यांच्या गावी ऑपेरा येत असे, त्यांच्याकडे तो यायचा थांबला.

कपातीचा आणखी एक भाग ताळेबंदात दिसतच नाही. मी काही वर्षे एका नृत्यनाट्य संस्थेचा खजिनदार होतो. एका वर्षी अनुदान घटल्यावर आम्ही एकही प्रयोग रद्द केला नाही, आणि वार्षिक सभेत त्याबद्दल टाळ्याही घेतल्या. प्रत्यक्षात आम्ही तालमींचे सहा आठवडे चारवर आणले होते, दोन रंगीत तालमींची एक केली होती आणि प्रकाशयोजनाकाराला रंगमंचावर पूर्ण दिवसाऐवजी फक्त दुपार दिली होती. पहिल्या प्रयोगात नर्तकी ठरलेल्या जागी पोहोचली तेव्हा प्रकाश तिच्यापासून दोन पावले दूर पडला होता. ती सरकून त्यात आली आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. चौथ्या प्रयोगापर्यंत सारे सुरळीत झाले. तोवर पहिल्या प्रयोगाचे परीक्षण छापून आले होते आणि त्यात प्रयोगाला ‘घाईचा’ म्हटले होते. हिशेबाच्या वहीत मात्र त्या ओळीसमोर ‘बचत’ असेच लिहिलेले आहे.

प्रश्न : चांगल्या कलेला प्रेक्षक मिळतो आणि प्रेक्षक पैसे देतो. मग जो करदाता नाट्यगृहात पाऊलही टाकत नाही, त्याच्या पैशातून या संस्था का चालवाव्यात? अनुदान बंद झाल्यास त्या तिकिटाचे दर वाढवू शकतात. – एक निवृत्त बँक अधिकारी

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे आणि कलाक्षेत्रातील मंडळी तो ऐकताच दुखावतात, हे त्यांच्या बाजूसाठी बरे नाही.

विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली याचे जे उत्तर दिले, ते अजूनही टिकून आहे. कारखान्यात यंत्रे सुधारतात, एका कामगाराकडून पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक माल तयार होतो आणि त्या जोरावर वेतन वाढते. बेथोवनने चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेली रचना वाजवायला मात्र आजही चारच वादक आणि जवळपास तेवढाच वेळ लागतो. वादकाला इतर क्षेत्रांतील वाढत्या वेतनाशी थोडेफार जुळते घेऊन पैसे द्यावेच लागतात, अन्यथा तो दुसरे काम शोधतो. त्यामुळे प्रयोगाचा खर्च सर्वसाधारण महागाईपेक्षा वेगाने वाढत राहतो. ही तूट गैरव्यवस्थापनातून येत नाही; उत्तम चाललेल्या संस्थेतही ती असते. तिकिटाचे दर त्याच वेगाने वाढवत गेल्यास प्रेक्षागृह रिकामे होते, किंवा भरलेच तर एकाच थरातील लोकांनी भरते.

त्याच अभ्यासात आपल्या बाजूचाही पुरावा आहे, तो लपवणे योग्य होणार नाही. प्रेक्षक हे सरासरी नागरिकापेक्षा अधिक शिकलेले आणि अधिक सुस्थितीत असतात, असे त्या पाहणीत आढळले होते. तेव्हा करदात्याच्या पैशातून सुस्थितांची करमणूक होते, या तक्रारीत तथ्य आहे. पण त्यावरून अनुदान कसे खर्च व्हावे, याबद्दल काही निष्कर्ष निघतो. ते असू नये, हा निष्कर्ष निघत नाही. माझ्या मते स्वस्त जागा, दौरे आणि शाळा यांच्याशी बांधलेले अनुदान आपल्या आक्षेपाला चांगले उत्तर ठरते. ते काढून घेतल्यास काय होते, हे वर ग्लाइंडबोर्नच्या बाबतीत आलेच आहे.

तिकिटाचे दर वाढवण्याबाबत आणखी एक बाब लक्षात घ्यावी. अनेकदा अनुदान घटवणारे सरकारच दुसऱ्या हाताने करही वाढवते. स्पेनमध्ये सप्टेंबर २०१२ पासून नाट्य आणि संगीताच्या तिकिटांवरील मूल्यवर्धित कर ८ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर नेण्यात आला आणि २०१७ साली तो १० टक्क्यांवर परत आणावा लागला. मधल्या काळात प्रेक्षकाने जे जास्तीचे पैसे मोजले, त्यातले कलावंतांच्या वाट्याला काही आले नाही.

अमेरिकेत सरकारी पैशाविना कला चालते, असा दाखला नेहमी दिला जातो. तेथे १९१७ पासून देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळते. सरकारने न घेतलेला तो करही सार्वजनिक पैसाच आहे. फरक इतकाच, की तो कुठे जाईल हे देणगीदार ठरवतो.

प्रश्न : मी कोणत्याही संस्थेत नोकरीला नाही, नृत्य करते आणि प्रयोगागणिक मानधन घेते. ज्या संस्थांबरोबर मी काम करत असे, त्या सर्व अजून चालू आहेत, कार्यालये उघडी आहेत. तरीही माझे काम निम्म्यावर आले. हे कसे?

उत्तर : आपले मानधन पहिल्या उत्तरात सांगितलेल्या निर्मितीखर्चाच्या ४० मध्ये आहे, कायम खर्चाच्या ६० मध्ये नाही. कायम कर्मचाऱ्याला कमी करायचे तर नोटीस आणि भरपाई द्यावी लागते; आपल्याला पुढच्या वेळी फोन केला नाही की झाले. म्हणून कपातीच्या बातम्यांत किती संस्था बंद पडल्या याचा आकडा येतो, किती नाइट, म्हणजे प्रयोगागणिक मानधनाची कामे, कमी झाल्या याचा येत नाही.

व्यक्तीला थेट मिळणारी मदतही याच न्यायाने आधी जाते. अमेरिकेतील नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या कलांना अनुदान देणाऱ्या, १९६५ साली स्थापन झालेल्या सरकारी संस्थेचा वार्षिक निधी १९९५ मध्ये १६ कोटी डॉलरहून अधिक होता, तो १९९६ मध्ये १० कोटींच्या आत आला, आणि त्याच सुमारास कलावंतांना व्यक्तिशः दिली जाणारी बहुतेक अनुदाने बंद झाली. निधीचा आकडा पुढे वाढला. व्यक्तींसाठीचे ते दार मात्र काही मोजके अपवाद सोडले तर बंदच राहिले. याउलट स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये व्यक्तींसाठीचा खुला निधी बंद झाल्याचे जाहीर झाले, कलावंतांनी एकत्र येऊन जाहीर विरोध केला आणि काही आठवड्यांतच तो पुन्हा सुरू झाला. आपण एकट्याने लिहिलेले पत्र आणि शंभर जणांनी सही केलेले पत्र यांत फरक पडतो, एवढे त्यावरून म्हणता येईल.

प्रश्न : अनुदानाऐवजी प्रायोजक आणि लोकवर्गणी यांवर भर द्यावा, असा ठराव आमच्या संगीत संस्थेत आला आहे. आपले मत काय?

उत्तर : जरूर प्रयत्न करावा, पण अनुदानाची जागा ते भरून काढतील असे गृहीत धरून अंदाजपत्रक मांडू नये. प्रायोजकाला उद्घाटनाचा प्रयोग हवा असतो, फलकावर नाव हवे असते. गोदामाचे भाडे आणि हिशेबनिसाचा पगार द्यायला तो फारसा उत्सुक नसतो. शिवाय देणगीदार पुष्कळदा अनुदानाकडे पाहून पैसे देतो. सरकारी समितीने हिशेब तपासून पैसे दिले आहेत, ही त्याच्या दृष्टीने हमी असते, आणि ती गेली की तोही हात आखडता घेतो.

न्यू यॉर्क सिटी ऑपेरा ही १९४३ साली सामान्यांना परवडेल असा ऑपेरा देण्यासाठी स्थापन झालेली संस्था. २०१३ च्या सप्टेंबरात तिने शेवटचा उपाय म्हणून महाजालावरून दहा लाख डॉलरची लोकवर्गणी मागितली. सुमारे तीन लाखांची वचने मिळाली. परंतु त्या पद्धतीत उद्दिष्ट गाठले नाही तर एकही डॉलर हाती येत नाही. पुढच्याच महिन्यात संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. ती बुडाली ती सरकारी कपातीमुळे नव्हे, अनेक वर्षांच्या तुटीमुळे आणि राखीव गंगाजळीतून केलेल्या उचलीमुळे. म्हणूनच हे उदाहरण मुद्दाम देत आहे. लोकवर्गणी एखाद्या नव्या रचनेसाठी उत्तम असते. जुनी तूट भरायला लोक पैसे देत नाहीत, आणि त्यांचे त्यात चुकते असेही नाही.

प्रश्न : अनुदान बंद होत असल्याचे पत्र कालच आले. पहिल्या महिन्यात आम्ही काय करावे?

उत्तर : प्रथम पत्रातील तारीख पाहा. कपातीच्या रकमेइतकाच तिच्या मुदतीला अर्थ असतो. नाट्यगृहाच्या तारखा, कलावंतांचे करार आणि दौऱ्याची आखणी वर्षभर आधी झालेली असते. त्यामुळे अठरा महिन्यांची सूचना देऊन केलेली मोठी कपात संस्था पचवू शकते, आणि तीन महिन्यांच्या सूचनेवर केलेली लहान कपातही तिला आडवी करते.

त्याच आठवड्यात खजिनदाराने महिनावार रोख रकमेचा तक्ता करावा. वार्षिक ताळेबंद येथे कामाचा नाही. संस्था वर्षाखेरच्या तुटीने बंद पडत नाही, एखाद्या महिन्याच्या सात तारखेला पगार देता न आल्यामुळे बंद पडते. विशिष्ट कामासाठी मिळालेल्या देणग्या वेगळ्या मांडाव्यात आणि त्यांना हात लावू नये. कलावंत, तंत्रज्ञ आणि कर्मचारी यांना बातमी संस्थेकडून कळावी, वर्तमानपत्रातून नव्हे.

दुसरे म्हणजे निर्णय अंतिम आहे असे मानू नये. इंग्लिश नॅशनल ऑपेराला नोव्हेंबर २०२२ मध्ये नियमित अनुदानाच्या यादीतून वगळण्यात आले आणि लंडनबाहेर जाण्यास सांगण्यात आले. मोठा गदारोळ झाल्यावर जानेवारी २०२३ मध्ये पुढील वर्षासाठी १ कोटी १४ लाख पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली, आणि स्थलांतरासाठी ग्रेटर मँचेस्टरची निवड डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाली. लहान संस्थेला एवढा आवाज उठवता येत नाही, हे खरे. पण संक्रमणकाळासाठी निम्मे अनुदान मागणे, हप्ते आगाऊ मागणे, सूचनेची मुदत वाढवून मागणे, या गोष्टी तिलाही मागता येतात आणि नम्रपणे मागितल्यास कधी कधी मिळतात.

काय बंद करावे, हे ठरवताना सगळीकडून थोडे थोडे कापण्याचा मोह होईल, कारण त्यात कोणाशी वाद होत नाही. माझा सल्ला उलट आहे : एखादा उपक्रम संपूर्ण थांबवावा आणि उरलेल्यांच्या तालमींचे दिवस तसेच ठेवावेत.

शेवटी गोदामाविषयी. भाडे वाचवण्यासाठी नेपथ्य मोडीत काढण्याची सूचना पहिल्याच सभेत येते. आमच्याकडेही आली होती. लाकडी लेव्हल (रंगमंचावरचे चौथरे), फ्लॅट (नेपथ्याच्या भिंतींच्या चौकटी) आणि कपडेपटाच्या तीन पेट्या एका दुपारी टेम्पोत चढल्या. दोन वर्षांनी अनुदानाचा काही भाग परत आला तेव्हा त्याच मापाच्या लेव्हल नव्याने करून घ्याव्या लागल्या, आणि त्यांचा खर्च दोन वर्षांच्या वाचलेल्या भाड्याहून अधिक झाला. नेपथ्य विकण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या संस्थेबरोबर गोदाम वाटून घेता येते का, ते विचारून पाहावे. त्यांनाही बहुधा तसेच पत्र आलेले असेल.